सूचनांची वही

१

कोर्टाच्या मागच्या अंगाला एक बैठी इमारत होती. तिथल्या दोन खोल्या फक्त लहान मुलांच्या साक्षीसाठी राखून ठेवलेल्या. पुढच्या खोलीत बुटकं टेबल, दोन गुबगुबीत खुर्च्या, लाकडी ठोकळे, कागद आणि रंगीत खडू. मागच्या खोलीत अंधार. मधल्या भिंतीत मोठी काच होती; पुढून बघितलं तर आरसा, मागून बघितलं तर खिडकी. पुढच्या खोलीत मूल आणि त्याच्याशी बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाई बसायच्या, मागच्या खोलीत दुसऱ्या मानसशास्त्रज्ञ बाई. मागच्या बाईंसमोर हवी तशी मान वाकवता येणारा एक माइक असे. त्याचं लाल बटण दाबून बोललं की पुढच्या बाईंच्या कानातल्या बारीक यंत्रात ऐकू जायचं. हे विचारा, ते नको, आता थांबा, पाणी द्या.

शिपायाने दोघींना नावं पाडली होती, थोरल्या बाई आणि धाकट्या बाई. एका घरात दिलेल्या दोन सुनांना म्हणावं तशी. थोरल्या बाईंना ती नावं आवडत नसत, कारण ती चपखल बसली होती.

एकोणीस वर्षं पुढच्या खुर्चीत थोरल्या बाई बसल्या होत्या. धाकट्या बाईंना मुलांशी कसं बोलायचं ते त्यांनीच शिकवलं. मागची खोली, काच, कानातलं यंत्र हे सगळं त्यांनीच तीन वर्षं अर्ज करकरून मिळवलं होतं. आणि मग गेल्या वर्षी न्यायाधीशांनी एका ओळीचा आदेश काढला, की मुलं धाकट्या बाईंशी चटकन मोकळी होतात, तेव्हा यापुढे मुलाखत त्यांनी घ्यावी आणि थोरल्या बाईंनी मागून मार्गदर्शन करावं. मार्गदर्शन हा शब्द मोठा सभ्य आहे. ताटावरून उठवायचं आणि वर वाढण्यावर देखरेख ठेवा म्हणायचं, असा त्याचा अर्थ.

थोरल्या बाई जळत होत्या. त्याला दुसरा शब्द नाही, आणि त्यांनाही तो ठाऊक होता. माणसाचं मन हाच त्यांचा धंदा होता. धाकटीचं हसू, धाकटीचं मांडी घालून खाली बसणं, "मलापण ना, मुळीच चित्र काढता येत नाही" असं तिचं मुलांना सांगणं, सगळं सगळं त्यांना खुपायचं. अंधारात बसून दिवसभर तेच बघायचं, ही त्यांची नोकरी.

एक नियम मात्र अजून त्यांच्या हातात होता. कानात दिलेल्या सूचना रेकॉर्ड होत नसत. "मी लिहिते ना, माझा शब्द पुरेसा नाही का?" असं त्यांनीच सुरुवातीला ठणकावलं होतं. तेव्हापासून दिलेली प्रत्येक सूचना वेळेसकट एका वहीत लिहायची आणि ती वही रेकॉर्डिंगबरोबर कोर्टात जायची. अक्षर त्यांचं, सही त्यांची.

२

बबी सहा वर्षांची होती. सात महिन्यांपूर्वी तिची आई घरातल्या जिन्यावरून पडून गेली. तेव्हा घरात तिघंच होती, बबी, आई आणि मामा. मामा तुरुंगात होता. त्याने बहिणीला ढकललं असं सरकारचं म्हणणं, ती घसरली असं त्याचं. बबीला आता तिची आत्या सांभाळत होती. बबी काय सांगते यावर मामाचा जन्म तुरुंगात जायचा की नाही ते ठरणार होतं.

अशा मुलाला कधीही सूचक प्रश्न विचारायचा नसतो. "मामाने ढकललं का?" असं एकदा विचारलं की संपलं. मोठं माणूस विचारतंय म्हणजे तसंच झालं असणार, असं मूल धरून चालतं, हो म्हणतं, आणि दोन दिवसांनी त्याला तसं खरोखर आठवायला लागतं. मग ती आठवण खरवडून काढता येत नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच, "मग काय झालं?"

पहिल्या दिवशी धाकट्या बाईंनी नेहमीसारखे नियम सांगितले. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. ताई चुकली तर तिला सांगायचं.

"आता बघ हं. मी म्हटलं की तू दहा वर्षांची आहेस, तर?"

"चूक. मी सहाची आहे," बबी म्हणाली.

"शाब्बास."

मग जिन्याची गोष्ट आली आणि बबी गप्प झाली. ठोकळ्यावर ठोकळा रचत राहिली. थोरल्या बाई काचेमागे पेन घेऊन बसल्या होत्या. त्यांना काही सुचत नव्हतं. आणि धाकटीलाही काही सुचत नाहीये हे बघून, खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटत होतं.

तेवढ्यात धाकट्या बाईंनी कानापाशी बोट नेलं. कानात सूचना आली की त्या तसं करायच्या, ती त्यांची सवयच होती.

"बबी," त्या म्हणाल्या, "डोळे मिटून बसूया का दोघी? आणि तेव्हा काय काय ऐकू येत होतं, तेवढंच सांग."

बबीने डोळे मिटले.

"नळ," ती म्हणाली. "आणि आईची चप्पल. एकच वाजत होती."

थोरल्या बाईंचं पेन हातातच राहिलं. एक चप्पल पायात, एक सुटलेली. जिन्यावर बाई घसरते ती अशीच. सात महिन्यांत पोलिसांना जे सापडलं नव्हतं ते पोरीने दोन वाक्यांत सांगितलं होतं. प्रश्नच तसा होता.

मुलाखत संपल्यावर धाकट्या बाई पळतच मागच्या खोलीत आल्या. त्यांचे डोळे पाणावले होते.

"बाई, काय सुचवलंत हो! डोळे मिटायचं माझ्या सात जन्मात डोक्यात आलं नसतं."

थोरल्या बाईंनी काहीच सुचवलं नव्हतं. त्यांनी बटणाला हातही लावला नव्हता. तसं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते भलतंच.

"अनुभव असतो गं," त्या म्हणाल्या.

आणि धाकटी गेल्यावर त्यांनी वहीत लिहिलं: अकरा वाजून वीस मिनिटं, डोळे मिटून आवाज आठवायला सांगणे. खाली सही केली. ती करताना त्यांना वर्षभरात पहिल्यांदा आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

३

संध्याकाळी जेवताना त्यांचे यजमान म्हणाले, "आज तुझी ती धाकटी भेटली होती रस्त्यात. काय कौतुक करत होती तुझं! पोरगी गुणी आहे हं."

"तुम्हाला सगळ्याच गुणी वाटतात," थोरल्या बाई म्हणाल्या.

"अगं, तुझंच कौतुक करत होती म्हणतोय मी."

"कळलं. आमटी घ्या."

यजमान गणिताचे शिक्षक होते, निवृत्त. उत्तर चुकलेलं दिसलं की ते मुकाट पहिल्या पायरीपासून सुरू करत. तसंच त्यांनी आत्ता मुकाट आमटी घेतली.

थोरल्या बाई भांडी आवरताना विचार करत राहिल्या. आपण बोललो असू आणि विसरलो असू. होतं असं. आठवण ही काय चीज आहे हे आपण कोर्टात उभं राहून किती वेळा सांगितलंय. माणूस न केलेली गोष्ट शपथेवर सांगतो, केलेली साफ विसरतो, आणि दोन्ही वेळा खरंच बोलत असतो. तर मग आपण सुचवलं असेलच. वहीत तसं लिहिलेलंही आहे.

हे पटायला हवं होतं. पण एक बारीकशी गोष्ट होती. निघताना त्यांनी माइक बाजूला सारला, तेव्हा त्याच्या तोंडावरचा स्पंज हाताला ओला लागला होता. कुणीतरी तोंड अगदी जवळ नेऊन खूप वेळ बोलल्यावर लागतो तसा, ओला आणि कोमट.

४

दुसऱ्या दिवशी थोरल्या बाई ठरवून बसल्या. शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली, कारण त्या खोलीतला एसी कुणाचंच ऐकत नसे. दोन्ही हात मांडीखाली दाबले. पेन आडवं दातांत धरलं. आता बोलायचं म्हटलं तरी बोलता आलं नसतं. शिपायाने आत डोकावून बघितलं असतं तर थोरल्या बाईंचं डोकं फिरलं असं त्याने जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या इमारतीला सांगितलं असतं.

धाकट्या बाईंचं बोट चार वेळा कानाशी गेलं.

चारही प्रश्न असे होते की थोरल्या बाईंना दातांतल्या पेनामागून वाहवा म्हणावंसं वाटलं. आई वरून येताना तिच्या हातात काय होतं, ते चित्रात काढ. कपड्यांची बादली निघाली. बादलीच्या आडून आईला काय दिसत असेल? पायऱ्या दिसत नसतील, बबी म्हणाली, बादली मोठी होती. मामा तेव्हा कसल्या आवाजात बोलत होता? तो बोलत नव्हता, शिट्टी वाजवत होता. शिट्टी वरून येत होती की खालून? बबीने बराच विचार केला आणि ती म्हणाली की उद्या सांगीन, आता कंटाळा आला.

असे प्रश्न थोरल्या बाईंना एकोणीस वर्षांत कधी सुचले नव्हते. म्हणजे आता जळायचं तरी कुणाकुणावर? काचेपुढच्या धाकटीवर जळत होत्याच. आता काचेमागेही कुणीतरी होतं, त्यांच्याच जागेवर, त्यांच्याहून हुशार.

"माझा आवाज नीट येतो ना गं तुला?" त्यांनी नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अगदी. फक्त आज तुम्ही फार जवळून बोलत होतात. श्वासपण ऐकू येत होता." धाकट्या बाई हसल्या. "आणि मधेच थांबत होतात. दमलात का?"

थोरल्या बाईंनी चारही सूचना वहीत लिहिल्या. वेळा अंदाजाने घातल्या. न लिहून करणार काय? पहिली लिहून बसल्या होत्या. एक खोटं सांगितलं की त्याला सांभाळायला दुसरं ठेवावं लागतं.

मग त्या पॅसेज ओलांडून टेपवाल्यांकडे गेल्या. टेप जाऊन जमाना झाला होता, पण रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या माणसाला सगळे अजून टेपवालेच म्हणत. मागच्या खोलीत बटण दाबलं की त्यांच्या टेबलावर एक हिरवा दिवा लागे.

"काल आणि आज दिवा किती वेळा लागला हो?"

"लागलाच नाही की बाई." टेपवाले चष्मा पुसत म्हणाले. "वहीत तर तुम्ही सूचना लिहिल्यात म्हणे. म्हटलं दिवाच गेला असेल. उद्या बघतो."

"गेलाच असेल," थोरल्या बाई म्हणाल्या. त्या परत गेल्या, बटण दाबलं आणि दार उघडं ठेवून कान दिला.

"लागला, लागला!" टेपवाले पलीकडून ओरडले. "छान आहे की दिवा, काही झालं नाही त्याला."

५

रात्रभर त्यांनी उत्तर शोधलं आणि पहाटे ते सापडलं. इतकं सोपं होतं की त्या अंथरुणात उठून बसल्या.

धाकटीला कुणीच काही सांगत नव्हतं. सगळे प्रश्न तिचे स्वतःचे होते. ती कानाला बोट लावायची ते नाटक होतं. म्हातारीला मागच्या खोलीत अंधारात बसवलंय, बिचारीला काही सुचत नाही, तर तिचं मन राखावं, म्हणून स्वतःचे प्रश्न ती त्यांच्या नावावर घालत होती. यजमानांपाशी केलेलं कौतुक, डोळ्यांतलं पाणी, सगळ्याचा मेळ बसला. स्पंज? एसीच्या हवेने झाला असेल ओला.

दया. त्यांनीच घडवलेली पोर त्यांच्यावर दया करत होती. आणि त्यांनी ती दया अक्षर काढून वहीत उतरवून घेतली होती, सहीसकट.

भुतापेक्षा हे वाईट होतं. त्यांना एवढा राग कधीच आला नव्हता. त्या चहा न घेताच निघाल्या. रस्ता ओलांडताना, इमारतीच्या पायऱ्या चढताना, एकच इच्छा त्यांच्या मनात होती आणि ती त्यांनी स्वतःपासून लपवलीही नाही. आज धाकटीने चुकावं. सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर, चुकावं. अगदी पहिल्या वर्षाची पोरंही चुकत नाहीत अशा जागी.

६

त्या दिवशी थोरल्या बाई खुर्चीत बसल्याच नाहीत. शाल खुर्चीवर टाकली आणि त्या मागे दारापाशी जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. माइकपासून चार पावलं लांब. आज नाटक उघडं पाडायचं होतं. मुलाखत झाली की धाकटीला इथे आणायचं आणि विचारायचं, बोल, कुठून बोलले मी?

पुढच्या खोलीत बबी आज खुशीत होती. तिने ठोकळ्यांचा जिना केला होता. वरच्या पायरीवर लाल खडू ठेवला होता, ती आई. हातात निळा खडू होता.

"हा मामा," ती म्हणाली.

"बरं," धाकट्या बाई म्हणाल्या. एवढंच. खडू कुठे ठेवायचा ते विचारलं नाही, बोट दाखवलं नाही, जिन्याकडे बघितलंसुद्धा नाही. असं थांबायला फार ताकद लागते. बबी निळा खडू घेऊन जिन्याच्या खालच्या अंगाला गेली, मग जरा वर आली, आठवायला लागली. तिचे ओठ हलत होते. आता एका मिनिटात ती सांगणार होती.

धाकटीला हे जमलं होतं. थोरल्या बाईंच्या नाकातोंडात धूर गेल्यासारखं झालं. आणि मनात, ओठ घट्ट मिटलेले असताना, त्यांनी तो प्रश्न म्हटला. विचारून टाक की. मामाने ढकललं ना, असं विचार. विचार म्हणजे संपेल तुझं सगळं.

माइकची मान हलली.

थोडीशीच. कुणी तोंडाजवळ ओढून घ्यावी तशी ती खाली वाकली आणि तशीच राहिली. थोरल्या बाईंनी खुर्चीकडे बघितलं. शाल मघाशी पाठीवर सपाट टाकलेली होती. आता ती सपाट नव्हती. तिला दोन खांदे होते, पुढे झुकलेले, आणि ते श्वासाबरोबर वरखाली होत होते.

काचेपलीकडे धाकट्या बाईंचं बोट कानाशी गेलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी आरशाकडे बघितलं, म्हणजे थेट थोरल्या बाईंच्या तोंडाकडे, आणि मान किंचित हलवली. नाही. मग पुन्हा कानाला बोट लावलं. त्यांचा चेहरा उतरला. आपल्या गुरूने दोनदा सांगितल्यावर माणसाचा उतरतो तसा.

बटणापर्यंत चार पावलं होती. चार पावलं चालायची, दाबायचं आणि म्हणायचं, विचारू नकोस. तेवढा वेळ होता, हे थोरल्या बाईंनी नंतर रेकॉर्डिंगमध्ये मोजून बघितलं. सतरा सेकंद. त्या गेल्या नाहीत, कारण त्यांना शालीची भीती वाटली. आणि फक्त भीतीच वाटली असं म्हटलं तर ते खोटं होईल.

"बबी," धाकट्या बाई म्हणाल्या, "मामाने ढकललं ना आईला?"

बबीने वर बघितलं. निळा खडू अजून हवेत होता. तो तिने सावकाश नेऊन लाल खडूच्या मागे, सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवला.

"हो," ती म्हणाली.

७

चार दिवसांनी न्यायाधीशांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं. मामाचे वकील होते, टेपवाले होते, थोरल्या आणि धाकट्या बाई होत्या. कोपऱ्यातल्या बाकावर आत्या बबीला घेऊन बसली होती. बबी पाय हलवत होती. थोरल्या बाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा आवाजही कधी ऐकला नव्हता. काचेचा उपयोगच तो होता.

"आता ही रोज नवीन काहीतरी सांगते," आत्या न्यायाधीशांना हळूच म्हणाली. "मामाने दोन्ही हातांनी ढकललं म्हणते. हात दाखवते कसे ते. आधी कधी म्हणाली नव्हती हो."

धाकट्या बाईंचे डोळे रडून रडून सुजले होते. "मला कानात सांगितलं गेलं, साहेब. मी मान हलवून नको म्हटलं. पुन्हा सांगितलं. बाईंनी सांगितल्यावर मी नाही कसं म्हणणार? आजवर त्यांचं चुकलं नाही."

"वहीत तशी सूचना नाही," न्यायाधीश म्हणाले.

"आणि दिवाही लागला नव्हता," टेपवाले म्हणाले. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "पण साहेब, पहिल्या दोन दिवशीही नव्हता लागला. आणि त्या दिवसांच्या सूचना वहीत आहेत."

वकील पुढे सरकले. ते थकलेले होते आणि स्पष्ट बोलत होते. "बाई, माझं म्हणणं साधं आहे. तो शेवटचा प्रश्न तुम्ही सुचवलात असं तुम्ही म्हणालात, तर साहेब ते एक उत्तर बाजूला ठेवतील. चप्पल, बादली, शिट्टी, बाकी सगळं राहील, आणि माझा माणूस घरी जाईल. पण सूचना कुणी दिलीच नव्हती म्हणालात, तर दिवा खरा आणि वही खोटी. वही खोटी तर तिन्ही दिवसांची साक्ष बाद. मग माझ्या हातात काय राहतं? मुलगी राहते, आणि ती आता काय म्हणते ते ऐकलंत."

न्यायाधीशांनी थोरल्या बाईंकडे बघितलं. "तुम्ही सुचवलं होतं का?"

दोन शब्द पुरे होते. मी सुचवलं. त्यांची नोकरी गेली असती, एकोणीस वर्षं गेली असती. एक माणूस घरी गेला असता आणि धाकटी वाचली असती. थोरल्या बाईंना हे सगळं स्वच्छ दिसत होतं. मग त्यांची नजर धाकटीवर गेली. रडून नाक लाल झालेलं, तरी बाकावरच्या बबीकडे बघून ती मधूनच हसत होती, पोर घाबरू नये म्हणून. आणि बबीही तिला परत हसत होती. अजूनही.

"मी एक शब्दही बोलले नाही," थोरल्या बाई म्हणाल्या.

बाकावरचे पाय हलायचे थांबले. बबीने मान वर केली, कुठून आवाज आला ते शोधलं आणि ती थोरल्या बाईंकडे बघायला लागली, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी.

"हो," बबी शहाण्या मुलीसारखी म्हणाली. "ढकललं."

न्यायाधीश खुर्चीतून उठून तिच्यासमोर येऊन बसले. "बाळ, आत्ता तुला कुणी काही विचारलं का?"

बबीने थोरल्या बाईंकडे बोट केलं. "ह्या विचारतात ना. कालपण विचारत होत्या. घरीपण."

"काहीतरीच काय," आत्या म्हणाली. "घरी कोण येणार?"

थोरल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग दुसरा हात त्यावर ठेवला. खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं की त्यांचं तोंड बंद आहे.

"बरं," न्यायाधीश सावकाश म्हणाले. "मामाने ढकललं असं म्हणायचं, हे तुला आधी कुणी सांगितलं होतं का? आठवून सांग."

बबीने मान एका बाजूला कलती केली. ती ऐकत होती. थोरल्या बाईंच्या आत, हातांच्या मागे, ओठांच्या मागे, जे वर्षभर रोज अंधारात बसून म्हटलं जात होतं ते आत्ताही म्हटलं जात होतं, आणि ते थांबवायचं बटण कुठे असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

"ताईंनी," बबी म्हणाली आणि तिने धाकट्या बाईंकडे बोट वळवलं. "ताईंनी शिकवलं. पहिल्या दिवशीच. खोटं सांग म्हणाल्या."

धाकट्या बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. चप्पल, बादली, शिट्टी, आता काहीच टिकणार नव्हतं; वकिलांनी हातातली फाइल मिटली.

बबी पुन्हा थोरल्या बाईंकडे वळली आणि मान कलती करून पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसली. थोरल्या बाईंनी डोळे गच्च मिटले आणि जीव तोडून धाकटीविषयी एक तरी चांगली गोष्ट मनात आणायचा प्रयत्न केला.